पावसाचा वाटा

माझ्या लिहिण्याच्या मेजावर दोन पांढऱ्या चकत्या असतात. एक किंचित साईच्या रंगाची, दुसरी निखळ शुभ्र. शेजारी पोलादाचे एक जाडसर कडे आहे. घरी येणारे पाहुणे हटकून विचारतात, "या काय, कॅरमच्या सोंगट्या का?" मी बहुधा "होय" म्हणून विषय संपवतो, कारण खरे उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी शोभा नाही. परंतु या मासिकाचे वाचक बहुतेक माझ्यासारखेच, मुलुखापासून दूर, सरकारी खुर्चीत आयुष्य घालवलेले. फाइलीच्या समासात तांबड्या शाईने शेरा मारताना बोटांना होणारे सुख त्यांच्या परिचयाचे आहे. त्यांच्यापुढे ही कबुली द्यायला हरकत नाही.

१९९३ च्या जून महिन्यात माझी बदली बंगळुरास झाली. बंगळूर म्हणजे थंड हवा, फुलबागा आणि निवृत्तांचे बंगले, अशी आमच्या पिढीची समजूत होती. ती खोटी नव्हती, पण अपुरी होती. १९४० साली सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली आणि जालहळ्ळीच्या माळावर लेथ तयार होऊ लागले. १९६२ साली यंत्रावजारांच्या संशोधनासाठी मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. पुढे पीन्याच्या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये 'आर्यभट' उपग्रह उभा राहिला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएट भूमीवरून अवकाशात गेला. बागांच्या या नगरीच्या पोटात लोखंड कातण्याचा असा अखंड उद्योग चालू होता. मोठ्या कारखान्यांतून हात तयार झालेले कितीतरी कारागीर पीन्यात शेड भाड्याने घेऊन एकदोन यंत्रांवर स्वतःचा संसार मांडत. आमच्यासारख्या सरकारी कचेऱ्यांची लहानसहान कामे हेच लोक करीत.

मी हिशेब खात्याचा माणूस. यंत्राशी माझा संबंध त्याच्या किमतीपुरता. आमच्या कार्यशाळेत धातूचे तयार सुटे भाग धुण्याचे एक लांबलचक यंत्र होते. कोमट पाण्याच्या फवाऱ्याखालून एक साखळी ते भाग पुढे नेई. साखळीचे रूळ ज्या आसांवर फिरत, ते आस लहान लहान बुशांत टेकलेले असत. बुश म्हणजे एक आखूड नळकांडे. बाहेरून पोलादी घरात ठोकून घट्ट बसवलेले, आतून मात्र आसाला मोकळेपणाने फिरू देणारे. यंत्र परदेशी होते आणि त्यातले मूळचे बुश पांढऱ्या प्लास्टिकचे होते. ते झिजले म्हणून १९९७ साली चारशे नव्या बुशांची मागणी माझ्या मेजावर आली. पदार्थाच्या रकान्यात लिहिले होते: 'डेलरिन'.

मी चौकशी केली. डेलरिन हे ॲसिटल जातीच्या प्लास्टिकचे बाजारातले नाव. त्याची छडी महाग होती. तिच्याच शेजारी, तितकीच पांढरी दिसणारी नायलॉनची छडी पुष्कळ स्वस्त मिळत होती. मी समासात लिहिले: "पांढरे प्लास्टिकच हवे असेल तर नायलॉन का चालू नये? खुलासा व्हावा." खुलासा आला नाही. तंत्र विभागातील कोणी तरी, माझ्या पुढच्या चार शेऱ्यांना उत्तरे देण्यापेक्षा, 'डेलरिन' खोडून 'नायलॉन' लिहिले. एकंदर बचत अकरा हजार चारशे रुपये झाली. काटकसरीच्या वार्षिक तक्त्यात ती माझ्या नावावर चढली आणि वरिष्ठांनी तिच्याखाली समाधानाची रेघ ओढली.

काम पीन्यातील एका दोन यंत्रांच्या शेडला मिळाले. मालक मूळचे बेळगावचे. तरुणपणी ते हिंदुस्थान मशीन टूल्सच्या शिकाऊ उमेदवारांच्या शाळेत शिकले होते. पुढे नोकरी सोडून त्यांनी बँकेच्या कर्जावर आधी एक आणि मग दुसरे सीएनसी यंत्र घेतले. सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र. या कल्पनेचा आरंभ १९५२ सालचा. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत त्या वर्षी एका मिलिंग यंत्राने, भोके पाडलेल्या कागदी फितीवरून आज्ञा घेत, मनुष्याचा हात चाकाला न लागता धातू कातून दाखवला. चाळीस वर्षांत फीत गेली, संगणक आला आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग ही पीन्यातील गल्लीबोळांची नित्याची भाषा झाली.

मार्च १९९८ मध्ये बुश आले. नमुन्यादाखल वीस नग मोजले, सगळे मापात होते. यंत्रात बसवले. एप्रिल संपण्याच्या सुमारास एका रात्रपाळीला आस बुशांत जाम झाले, साखळी तुटली आणि नऊ दिवस काम बंद पडले. चौकशी समितीने बुश काढून मोजले. तीस मिलिमीटरचे भोक सुमारे तीन दशांश मिलिमीटरने आवळले होते. आसाभोवती ठेवलेली मोकळीक त्याच्या निम्मीही नव्हती. निष्कर्ष सरळ होता. तपासलेले वीस नग चांगले. तेव्हा न तपासलेले तीनशे ऐंशी सदोष असले पाहिजेत. पुरवठादाराने कसूर केली. बिल रोखावे, अनामत जप्त करावी, नाव दोन वर्षे काळ्या यादीत घालावे. हा मसुदा माझ्याच हातचा. भाषा त्याची इतकी चोख होती की, वाचून मलाच समाधान वाटले.

जुलैमध्ये ते मालक कचेरीत आले. पन्नाशीचे, करड्या केसांचे, खिशाला दोन पेने. त्यांनी पैशांविषयी एक अक्षर काढले नाही. माझे आडनाव पाटीवर वाचून ते मराठीत बोलले, एवढेच. "साहेब, एकदा शेडकडं येऊन बघा की. मग काय लिहायचं ते लिहा."

मी गेलो, तो काहीसा कुतूहलाने आणि काहीसा परमुलुखात कानी पडलेल्या त्या 'बघा की'मुळे. पावसाची भुरभुर चालू होती. शेडच्या एका भिंतीला छड्यांची मांडणी होती आणि खिडकीत पाण्याने भरलेली एक काचेची बरणी, लोणच्याची असावी तशी. त्यांनी बरणीतून चिमट्याने दोन चकत्या काढल्या, फडक्याने टिपल्या आणि एक पोलादी कडे माझ्या हाती दिले. "दोन्ही एकाच दिवशी, एकाच यंत्रावर, चाळीस मिलिमीटरला कातलेल्या. तुमची तक्रार आली त्या दिवशी पाण्यात टाकल्या. आता घाला कड्यात." शुभ्र चकती कड्यातून अलगद गेली. साईच्या रंगाची कडेवर बसली ती बसलीच. मी अंगठ्याने दाबली, ती हलेना.

"नायलॉन पाणी पितंय, साहेब," ते म्हणाले. "डेलरिन पीत नाही. म्हणजे ओठ ओले करतंय, तेवढंच."

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते मी पुढे पुस्तकांतून पडताळून पाहिले. नायलॉनच्या रेणूंना पाण्याची ओढ आहे. नेहमीच्या वापरातले नायलॉन पाण्यात ठेवले तर स्वतःच्या वजनाच्या शेकडा नऊपर्यंत पाणी शोषते. नुसत्या दमट हवेतूनही शेकडा अडीच-तीन घेते. ॲसिटल पाण्यात बुडवूनही शेकडा एकाच्या आतच राहते. पाणी आत शिरले की पदार्थ फुगतो. सुटी कडी फुगली तर तिच्याबरोबर तिचे भोकही मोठे होते. परंतु आमचे बुश पोलादी घरात ठोकलेले. बाहेर पसरायला जागा नाही. मग ते आत पसरले आणि आसाला आवळून बसले. मार्चच्या कोरड्या हवेत मोजलेले चारशेच्या चारशे बुश निर्दोष होते. कारागिराची चूक कोठेच नव्हती. यंत्राने आज्ञा पाळली, कारागिराने माप पाळले. चुकीचा होता तो नकाशातील एक शब्द, आणि तो शब्द मी घालायला लावला होता.

एवढ्यावर थांबले असते तर अज्ञान म्हणून मी स्वतःला सोडून दिले असते. परंतु मालकांनी एका जुन्या पुठ्ठ्यातून कार्बनची प्रत काढली. नकाशा हाती आल्यावर, काम सुरू करण्यापूर्वी, त्यांनी आमच्या कचेरीला पत्र लिहिले होते: भाग पाण्यात वापरायचा असल्यास पदार्थाचा फेरविचार व्हावा. दुसऱ्या दिवशी मी फाइल मागवली. मूळ पत्र तळाशी नीट टाचलेले होते. त्यावर शेरा होता: "नकाशा अंतिम आहे. पत्रव्यवहार नको." खाली माझी आद्याक्षरे होती. तो शेरा मारल्याचे मला आठवतही नव्हते.

त्या रात्री मला आमचे राजापुराकडील घर आठवले. फणसाच्या लाकडाची दारे होती. आषाढात माजघराचे दार फुगून चौकटीत अडे, ते नवरात्राच्या सुमारास पुन्हा सरळ लागे. पुढे नवे दार बसवताना गावच्या सुताराने चौकटीशी बोटाच्या पेराएवढी फट ठेवली. मी तेव्हा दहा वर्षांचा. "काम कच्चे राहिले," असे मी शहाणपणाने म्हणालो. सुतार हसून म्हणाला, "कच्चे नाही बाळा, तो पावसाचा वाटा." म्हणजे जी गोष्ट मला दहाव्या वर्षी एका सुताराने सांगितली होती, तीच पंचेचाळिसाव्या वर्षी तांबड्या शाईने खोडून मी तिच्यावर अकरा हजार चारशे रुपये वाचवले होते.

त्यानंतर मी त्या शेडवर वरचेवर जाऊ लागलो. छड्यांच्या त्या मांडणीसमोर उभे राहून मालक एकेका पदार्थाचा स्वभाव सांगत. एखाद्या घरातली वडील बाई सुनांचे स्वभाव सांगते तसा, निंदा न करता. नायलॉनविषयीही त्यांचे मत वाईट नव्हते. "चिवट आहे, धक्का सोसतंय, आवाज गिळतंय." कोरड्या जागी दातेरी चाकाला त्यासारखे दुसरे नाही. मौज अशी की, अगदी कोरडे नायलॉन ठिसूळ असते. थोडेफार पाणी प्याल्यावरच त्याला खरा चिवटपणा येतो. शुभ्र डेलरिन ताठ, गुळगुळीत आणि मापाला पक्के. परंतु तीव्र आम्ल लागले की त्याचा निभाव लागत नाही. टेफ्लॉनइतके निसरडे काही नाही, आणि बहुतेक रसायने त्याचे काही बिघडवू शकत नाहीत; पण ते इतके मऊ की, सततच्या दाबाखाली हळूहळू सरकत राहते. कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत दाबून केलेले तपकिरी हायलम विजेला अडवते आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात फारसे हलत नाही. फक्त कातताना त्याची धूळ नाकातोंडात जाते आणि हत्याराची धार खाते. पॉलिकार्बोनेट काचेसारखे पारदर्शक आणि हातोडीच्या घावाला न भिणारे. परंतु कातताना न मानवणारे तेल लागले तर काही दिवसांनी त्याच्या अंगात केसासारख्या भेगा उमटतात. आणि एका कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेली, बिस्किटी रंगाची पीकची छडी. इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात हा पदार्थ सिद्ध केला. २५० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत तो वर्षानुवर्षे काम करतो, ३४३ अंशांना वितळतो. त्याची किंमत ऐकली म्हणजे सोनाराच्या दुकानात उभे असल्यासारखे वाटते.

धातूंची गोष्ट वेगळी. पोलादाला पाणी पिण्याचा रोग नाही, पण त्याला गंज आहे. ॲल्युमिनियम वजनाला पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश आणि कातायला सोपे. मात्र ते घासले गेले की लवकर ओरबाडते. पितळ आज्ञाधारक, पण जड आणि महाग. प्लास्टिकचे मुख्य वैगुण्य उष्णता. शंभर मिलिमीटर लांबीचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला तर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा वाढतो. डेलरिनचा तसाच तुकडा त्याच्या आठनऊ पटींनी. म्हणूनच नकाशावरील माप २० अंश सेल्सिअसला खरे धरायचे, असा जगभरचा संकेत आहे. माप ही वस्तूची जन्मजात खूण आहे, असे मी समजत होतो. ते वस्तू आणि जागा या दोघांत मिळून ठरते, हे मला त्या शेडमध्ये कळले.

कातण्यातही स्वभाव पाहावा लागतो. प्लास्टिकला पोलादासारखे चकमध्ये आवळले तर ते दाबून धरल्या अवस्थेत गोल कातले जाते आणि सोडल्यावर अंडाकृती होते. म्हणून पकड हलकी, धार तीक्ष्ण. आधी थोडे जास्त ठेवून जाडे कातायचे, मग तुकडा एक रात्र स्वस्थ ठेवायचा, म्हणजे अंगातला ताण निघून जातो. दुसऱ्या दिवशी अखेरचा हात फिरवायचा. "रात्रभर ठेवलं नाही तर तुमच्या कपाटात जाऊन वाकडं होतंय," मालक म्हणत. संगणक हे सांगत नाही. त्याला ३०.०० म्हटले की तो ३०.०० कातणार, कशात, कशासाठी आणि कोठे, हे तो विचारणार नाही. विचारण्याचे काम माणसाचे. पाणी लागेल का? ऊन, वाफ? काय घासणार, किती भार, अखंड की अधूनमधून? तेल, आम्ल, क्षार? वीज अडवायची की वाहू द्यायची? आणि किमतीचा प्रश्न या साऱ्यांनंतर. मी तो पहिला विचारला होता, आणि दुसरा विचारलाच नव्हता.

एकाच गुणावर भाळून पदार्थ निवडण्याची चूक माझ्यासारख्या हिशेबनिसानेच केली असे नाही. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस खुब्याचा कृत्रिम सांधा बनवताना त्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडले. सांध्याला निसरडेपणा हवा आणि टेफ्लॉनहून निसरडे काही नाही. तर्क बिनतोड होता. सुमारे तीनशे रुग्णांना तो सांधा बसवला. ते वेदनामुक्त चालू लागले. दोनतीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेचा भुगा आसपासच्या मांसात गेला आणि वेदना परत आल्या. चार्नलींनी स्वतःच्या मांडीत टेफ्लॉनची पूड घालून घेऊन तिचा परिणाम पाहिला. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे एक पॉलिएथिलीन घेऊन आला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिले आणि ते निरुपयोगी ठरवले. ते परगावी गेले असता त्यांचे साहाय्यक हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा झिजेच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही तो, टेफ्लॉन एका दिवसात झिजे, तेवढाही झिजला नाही. पुढे त्या जातीच्या प्लास्टिकने जगभर लक्षावधी माणसांना चालते केले. मला या कथेत शोधापेक्षा एक दुसरी गोष्ट मोठी वाटते. साहाय्यकाने आपल्या मताविरुद्ध केलेला प्रयोग चार्नलींनी मानला, आणि आपल्या निवडीने पुन्हा दुखणाईत झालेल्या रुग्णांवर स्वतः पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. "नकाशा अंतिम आहे," असे ते म्हणाले नाहीत.

मीही एक टिपण लिहिले. चार पानांचे, सर्व आकड्यांसह, आणि शेवटी: "पदार्थबदलाची सूचना व पुरवठादाराच्या पत्रावरील शेरा, दोन्ही अधोस्वाक्षरीकाराचे आहेत." सरकारी भाषेत 'मी चुकलो' याच्या जवळात जवळ जाणारे वाक्य हेच. ते लिहायला मला दोन आठवडे लागले, याचे कारण आकडे जमवणे हे नव्हते. वर्षभराने निवृत्तिवेतनापूर्वीची बढती यायची होती. घरी पत्नीला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग त्यांचे पैसे कधी मिळणार?"

चौदा महिने लागले. बिल सुटले, अनामत परत झाली. काळ्या यादीतून नाव काढण्याचा हुकूम निघालाच नाही. मुदत संपत आली आहे, तेव्हा वेगळ्या हुकमाची आवश्यकता नाही, असे ठरले. माझ्या बढतीला एक वर्ष उशीर झाला. त्याचा या प्रकरणाशी संबंध होता की नव्हता, हे फाइलीवरून कळण्यासारखे नव्हते. बिल सुटल्याचे सांगायला मी शेडवर गेलो. मालक व्हर्निअर हातात घेऊन काही मोजत होते. "बरं झालं, साहेब," असे म्हणून त्यांनी मोजणे पुरे केले. तेव्हा माझ्या लक्षात आले की शेडमध्ये एकच यंत्र आहे. दुसऱ्याच्या जागी जमिनीवर तेलाचे चार डाग तेवढे होते. बँकेचे हप्ते थकल्यामुळे ते गेल्याच वर्षी विकावे लागले होते. त्यांनी मला ते सांगितले नव्हते, आणि त्या दिवशीही मी विचारले म्हणून सांगितले. काय बोलावे मला सुचेना. निघताना त्यांनी दोन्ही चकत्या आणि कडे कागदात बांधून माझ्या हातात दिले. "टेबलावर ठेवा. बघायला बरं."

या सगळ्यातून मला साक्षात्कार झाला, असा माझा दावा नाही. त्यानंतरही मी दहा वर्षे नोकरी केली आणि त्या काळात पुष्कळ शेरे मारले. फरक एवढाच की, स्वस्त पर्याय सुचवण्यापूर्वी मी संबंधित माणसाला खोलीत बोलावून, ही वस्तू कोठे राहणार आहे, असे विचारू लागलो. काही वेळा तो पर्याय चालण्यासारखा निघे. पुष्कळदा निघत नसे. आपण कागदावर जो रुपया वाचवतो, तो बहुधा कोणाच्या तरी शेडमधून खर्च होत असतो, आणि तो माणूस आपल्या बैठकीत नसतो. एवढे मात्र मी विसरू शकलो नाही.

निवृत्तीनंतर राजापुरास परत जावे, असा बेत होता. गेलो, दोन पावसाळे राहिलो आणि परतलो. बोलण्यात नकळत 'बघा की' येई आणि गावची मंडळी हसत. इतक्या वर्षांत मीही इथले पाणी प्यालो आहे आणि जुन्या चौकटीत आता पूर्वीसारखा बसत नाही. आपल्यापैकी पुष्कळांचा अनुभव हाच असेल.

बंगळुरात खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी पीन्यात एकही यंत्र चालत नाही. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, दाराशी फोडलेला कोहळा. मला दर वर्षी बोलावणे येते. मालक आता थकले आहेत, एका बाजूला खुर्ची टाकून बसतात. कारभार मुलाकडे आहे आणि शेडमध्ये चार यंत्रे आहेत. जेथे ते विकलेले यंत्र होते, त्या जागी मात्र नवे यंत्र घेतलेले नाही. तेथे छड्यांची मांडणी आणून ठेवली आहे. गेल्या खंडेनवमीला प्रसाद घेत असता मुलाला कोणा गिऱ्हाइकाचा फोन आला. सुटीच्या दिवशी दर हवा होता. नकाशा पाहण्याआधी मुलाने विचारले, "हा भाग पाण्यात आहे का?" खुर्चीतल्या वडिलांनी माझ्याकडे पाहिले नाही. मीही त्यांच्याकडे पाहिले नाही.

चकत्या मेजावर आहेत. साईच्या रंगाची चैत्रात कड्यातून आपोआप खाली पडते आणि श्रावणात कडेवर अडते. शुभ्र चकतीला ऋतू कळत नाहीत. आज हे लिहिण्यापूर्वी मी पाहिले. बाहेर पाऊस आहे, आणि चकती अडलेली आहे.